१ जीबीचा सर्व्हर: बाजारभावाच्या वेळी अपाचे मेमरी खातो अन् मरतो डेटाबेस

निर्गुडाकाठ

नमस्कार मंडळी. वणी भागातल्या एका शेतकरी उत्पादक कंपनीची साइट सांभाळतो. भाड्याचा व्हीपीएस (मोठ्या मशीनमधला आपल्या वाट्याचा सर्व्हर) आहे: १ जीबी रॅम, १ कोअर, २५ जीबी एसएसडी. डेबियन १२, वेब सर्व्हर अपाचे २.४ सोबत मॉड-पीएचपी ८.२ (अपाचेच्या पोटातच चालणारं पीएचपी), डेटाबेस मारियाडीबी १०.११ आणि त्यावर वर्डप्रेस. स्वॅप (रॅम कमी पडली की डिस्कवर वापरायची जागा) नाही.

दिवसभर काही त्रास नाही. सकाळी दहाच्या सुमारास कापूस, सोयाबीन, तूर, चन्याचे भाव टाकले जातात, लिंक गावोगावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जाते आणि सगळे एकदमच उघडतात. मग पान फिरतच राहतं आणि शेवटी 'डेटाबेस कनेक्शन'ची एरर येते. डीमेसेजमध्ये (लिनक्सच्या गाभ्याच्या, म्हणजे कर्नलच्या नोंदींत) 'आउट ऑफ मेमरी: किल्ड प्रोसेस', पुढे नाव मारियाडीबीडी.

रिकाम्या वेळचं 'फ्री -एम': एकूण ९६१, वापरात ४२२, अव्हेलेबल ५३९. पीएसमध्ये प्रत्येक अपाचे प्रोसेसचा आरएसएस (तिच्या नावावरची रॅम) ७० ते ८५ एमबी. गर्दीत अशा १६-१७ प्रोसेस दिसतात. १६ गुणिले ७५ म्हणजे १२०० एमबी. मशीनमध्ये तेवढी मेमरीच नाही, मग हा हिशेब कसा लागतो? आणि खातो अपाचे, तर मरतो डेटाबेस, असं का?

रॅम वाढवा हे उत्तर शेवटचं ठेवा. दरमहा वाढणारा खर्च संचालक मंडळापुढे न्यावा लागतो आणि तिथं पहिला प्रश्न हाच असतो की आहे त्यात का भागत नाही.

वऱ्हाडी_टर्मिनल

भाऊ, डेटाबेस काहून मरतो ते आधी. मेमरी संपली की कर्नल गुन्हेगार शोधत नाही, सगळ्यात जाडी एकटी प्रोसेस शोधतो. अपाचेच्या सोळा प्रोसेस मिळून कितीही खात असल्या तरी एकेक पाहिली तर सत्तर-पंच्याऐंशीची. मारियाडीबी एकटा दोनशेच्या घरात. म्हणून पहिला नंबर त्याचा.

आता तुमचं १२०० चं गणित. आरएसएस हा फसवा आकडा आहे. त्यात सामायिक मेमरी प्रत्येक प्रोसेसच्या नावावर पुन्हा पुन्हा मोजली जाते: पीएचपीच्या लायब्ररी, ओपीकॅश (तयार करून ठेवलेला पीएचपी कोड), फोर्क होताना (एका प्रोसेसमधून दुसरी निघताना) मूळ प्रोसेसकडून आलेली मेमरीची पानं. खरा वाटा पाहायचा तर पीएसएस पाहा, त्यात सामायिक मेमरी वाटून धरलेली असते. 'एसमेम' नावाचं पॅकेज टाका, त्यात पीएसएसचा वेगळा रकाना येतो. पॅकेज नको असेल तर /प्रॉक/ मध्ये त्या प्रोसेसच्या नंबरखाली 'स्मॅप्स_रोलअप' फाइल असते, तिच्यातली पीएसएसची ओळ वाचा. साध्या वर्डप्रेसला ३५ ते ४५ यायला हवा. हे मोजमाप गर्दीच्या वेळीच करा, नुकत्याच सुरू झालेल्या प्रोसेसवर नको. पीएचपीची प्रोसेस एकदा फुगली की सहसा पूर्वपदावर येत नाही.

पीएसएस ३८ धरला तर १६ प्रोसेसचे ६०८, मारियाडीबी १९०, बाकी सिस्टम १३०. झाले ९२८. पान-कॅशला (डिस्कवरच्या फाइली कर्नल रॅममध्ये धरून ठेवतो त्याला) जागाच उरली नाही. तुमच्या आकड्यांशी हे बरोबर जुळतं.

आता मूळ. डेबियनच्या प्रीफोर्क (दर कनेक्शनला एक प्रोसेस देणारी अपाचेची पद्धत) फाइलमध्ये मॅक्सरिक्वेस्टवर्कर्स १५० आहे. म्हणजे अपाचेला १५० प्रोसेसपर्यंत जायची मुभा तुम्हीच दिलेली आहे. तो सतराव्यावर मशीन पाडतो, कारण पुढे जागा नाही. आज रात्रीच एवढं करा:

मॅक्सरिक्वेस्टवर्कर्स १०
स्टार्टसर्व्हर्स ३, मिनस्पेअरसर्व्हर्स २, मॅक्सस्पेअरसर्व्हर्स ५
मॅक्सकनेक्शन्सपरचाइल्ड ५००
कीपअलाइव्हटाइमआउट २

शेवटची ओळ अपाचे२.कॉन्फमध्ये असते, बाकीच्या एमपीएम_प्रीफोर्कच्या फाइलमध्ये. मॅक्सकनेक्शन्सपरचाइल्ड डेबियनमध्ये ० असतं, म्हणजे फुगलेली प्रोसेस कधीच निवृत्त होत नाही. जुन्या लेखांत मॅक्सक्लायंट्स आणि मॅक्सरिक्वेस्ट्सपरचाइल्ड अशी नावं दिसतील, २.४ पासून ती बदलली.

यानं उद्या डेटाबेस मरणार नाही. पान मात्र काहींना उशिरा उघडेल. रांगेत थांबणं परवडतं, मशीन पडणं नाही.

धुरा_बांध

वरचं सगळं बरोबर, पण हे ठिगळ आहे. दहा प्रोसेस खऱ्या कामात किती वेळ असतात ते पाहा. भावाचं पान बनवायला ०.३ सेकंद लागतात असं धरा. पण मॉड-पीएचपीमध्ये जी प्रोसेस पीएचपी चालवते तीच फोनला पान पोचवते आणि कीपअलाइव्हपुरती (पुढच्या मागणीसाठी कनेक्शन उघडं ठेवण्यापुरती) त्याच फोनसाठी अडून बसते. डेबियनचा मूळ टाइमआउट ५ सेकंद. ०.३ सेकंदाच्या कामासाठी चाळीस एमबीची प्रोसेस पाच-सव्वापाच सेकंद गुंतली. वावरात एका दांडीच्या नेटवर्कवर उभा असलेला माणूस फोटोसकट पान ओढत असेल तर त्याहून जास्त. फोटो, सीएसएस, फॉन्ट या फाइलींना पीएचपी लागत नाही, तरी त्या देणारी प्रोसेस तीच, पोटात पीएचपी घेतलेली. किराणा पोचवायला ट्रक काढण्यातला प्रकार.

म्हणून पीएचपी वेगळं काढा. पीएचपी-एफपीएम (पीएचपी स्वतःच्या प्रोसेसमध्ये चालवणारी वेगळी सेवा) आणि अपाचेचा इव्हेंट एमपीएम (एमपीएम म्हणजे कनेक्शन हाताळायची पद्धत; प्रीफोर्क हाही एक). इव्हेंटमध्ये कीपअलाइव्हवर नुसत्या बसलेल्या कनेक्शनसाठी वर्कर अडकत नाही, आणि त्याच्या प्रोसेस काही एमबीच्या असतात. क्रम असा:

१. पीएचपी८.२-एफपीएम पॅकेज टाका.
२. ए२डिसमॉडने आधी पीएचपी८.२ बंद करा, मग एमपीएम_प्रीफोर्क. उलट केलं तर प्रीफोर्क बंदच होऊ देत नाही, कारण मॉड-पीएचपी त्याच्यावर टेकलेलं असतं.
३. ए२एनमॉडने एमपीएम_इव्हेंट, प्रॉक्सी_एफसीजीआय आणि सेटएन्व्हइफ सुरू करा.
४. ए२एनकॉन्फने पीएचपी८.२-एफपीएम.
५. अपाचे२सीटीएल कॉन्फिगटेस्ट. 'सिंटॅक्स ओके' आल्याशिवाय रिस्टार्ट नको.

हमखास अडतं ते इथं: .एचटीॲक्सेसमध्ये (साइटच्या फोल्डरमधल्या अपाचेच्या नियमांच्या फाइलीत) 'पीएचपी_व्हॅल्यू' अशी ओळ असेल (अपलोडची मर्यादा वाढवायला बरेच जण टाकतात) तर एफपीएमवर गेल्या गेल्या साइट ५०० एरर देते. कॉन्फिगटेस्ट .एचटीॲक्सेस वाचत नाही, त्यामुळे तिथं सगळं हिरवं दिसतं. ती ओळ काढून .यूजर.आयएनआय फाइलमध्ये टाका. ती फाइल ३०० सेकंद कॅश होते, म्हणून बदल लगेच दिसला नाही तर घाबरू नका.

निर्गुडाकाठ

धन्यवाद दोघांनाही. पीएसएस मोजला, ३६ ते ४१ येतोय. मर्यादा १० केली. आज डेटाबेस टिकला, पान मात्र कित्येकांना उशिरा उघडलं.

इव्हेंटवर जायचं ठरवलंय. तीन शंका. एक, एफपीएममध्ये किती प्रोसेस ठेवू? दोन, बरेच जण अपाचेऐवजी एनजिनएक्स हा वेब सर्व्हर घ्या म्हणतात, ते घेऊ का? तीन, भाव टाकणारा माणूस जिनिंगवरून मोबाइलनेच टाकतो, सोबत कापसाच्या नमुन्याचे दोन-तीन फोटो चढवतो. कधी कधी नेमकं त्याच वेळी सगळं गचकतं. त्याचा संबंध असेल का?

धुरा_बांध

क्रमाने घेतो.

एनजिनएक्स .एचटीॲक्सेस वाचत नाही. आतली पानं ४०४ देतात तोवर लक्षात येतं, पण अपलोड फोल्डरमध्ये पीएचपी चालू नये म्हणून सुरक्षा प्लगइनने लिहिलेला नियमही गुपचूप गायब होतो, ते कुणाच्या लक्षात येत नाही. तुमची साइट अपाचेवर बसलेली आहे, इव्हेंटवरच ठेवा. एनजिनएक्सचा खरा फायदा म्हणजे पीएचपीचं उत्तर तो स्वतःकडे ओढून घेतो, पीएचपीची प्रोसेस मोकळी करतो आणि मग सावकाश फोनला देतो. पण भावाच्या पानाचा एचटीएमएल जीझिपने दाबून १५-२० केबी असेल तर तेवढा सर्व्हरच्या सॉकेट बफरमध्येच मावतो, त्यामुळे अपाचेमागेही एफपीएम लगेच सुटतं. मोठ्या फाइली पीएचपीमधून देत असाल (पावत्यांचे पीडीएफ वगैरे) तर गोष्ट वेगळी.

प्रोसेसची संख्या. मेमरीचं गणित: ९६१ मधून सिस्टम १३०, मारियाडीबी १८० (खाली येतो त्यावर), अपाचे इव्हेंट ३०, ओपीकॅश ६४, पान-कॅशसाठी मोकळे १५०. उरले ४०७. एका पीएचपीला ४५ धरा, नऊ बसतात.

पण नऊ ठेवू नका. तुमच्याकडे कोअर एकच आहे. वर्डप्रेसचं पान बनवण्यातला बराचसा वेळ सीपीयूवरच जातो, डेटाबेसही त्याच कोअरवर. ०.३ सेकंदातले ०.२ सीपीयूचे धरले तर हे मशीन सेकंदाला पाचच पानं बनवू शकतं, प्रोसेस चार असोत नाही तर चाळीस. चारच्या पुढे प्रत्येक प्रोसेस फक्त मेमरी वाढवते. लोकांना हे पटत नाही, कारण एफपीएमचा लॉग स्वतःच 'मॅक्स_चिल्ड्रन गाठलं, वाढवायचा विचार करा' असं सांगतो. त्याला बिचाऱ्याला तुमची रॅम माहीत नाही.

एफपीएमचे दोन पूल (प्रोसेसचे गट) करा. सार्वजनिक पूल: पीएम स्टॅटिक, मॅक्स_चिल्ड्रन ४, मॅक्स_रिक्वेस्ट्स ५००. ॲडमिनचा पूल: पीएम ऑनडिमांड, मॅक्स_चिल्ड्रन २, आयडल टाइमआउट ३० सेकंद. दोन्हींची सॉकेट फाइल (जिच्यातून अपाचे एफपीएमशी बोलतो ती) वेगळी, आणि अपाचेमध्ये डब्ल्यूपी-ॲडमिनची वाट दुसऱ्या सॉकेटकडे वळवा. याने गर्दी कितीही असो, भाव टाकणाऱ्याला लॉगइन झाल्यावर जागा मिळते. दोन्ही पूल एकाच मास्टरखाली (एफपीएमच्या मुख्य प्रोसेसखाली) असल्यामुळे ओपीकॅश सामायिकच राहतो, दोनदा मोजू नका.

दोन्ही पूलमध्ये रिक्वेस्ट_टर्मिनेट_टाइमआउट ६० सेकंद लिहा. पीएचपीचा मॅक्स_एक्झिक्युशन_टाइम लिनक्सवर डेटाबेसची किंवा बाहेरच्या साइटची वाट पाहण्यातला वेळ मोजत नाही. एखादं प्लगइन बाहेरून हवामान आणायला गेलं आणि तिकडून उत्तरच आलं नाही, तर तुमच्या चारांतली एक प्रोसेस तिथंच बसून राहते.

पांढरंसोनं

फोटोंचा संबंध नक्की आहे, दादा. फाइल ४ एमबीची दिसते म्हणून आपण फसतो. १२ मेगापिक्सेलचा फोटो म्हणजे ४००० बाय ३०००. उघडल्यावर जीडी लायब्ररी प्रत्येक पिक्सेलला ४ बाइट घेते: ४८० लाख बाइट, ४६ एमबीच्या आसपास. वर्डप्रेस ५.३ पासून मोठा फोटो २५६० पिक्सेलवर आणतो, त्या प्रतीचे आणखी १९ एमबी. वर मूळ प्रोसेसचे ४०. म्हणजे एका फोटोला शंभराच्या वर, आणि ती प्रोसेस पुढे पूर्वपदावर येईलच असं नाही. पीएचपीचं इमॅजिक एक्स्टेन्शन टाकलेलं असेल तर वर्डप्रेस आधी तेच वापरतो, आणि त्याची मेमरी पीएचपीच्या मेमरी_लिमिटमध्ये मोजलीच जात नाही. तुम्ही लिमिट १२८ लिहून निर्धास्त असता, प्रोसेस २०० वर गेलेली असते.

आणखी एक. मेमरी_लिमिट ही एका रिक्वेस्टची वरची मर्यादा आहे, राखून ठेवलेली मेमरी नाही. ती २५६ केल्यानं साइट वेगात चालत नाही. फक्त एक बिघडलेलं प्लगइन जास्त खाऊ शकतं.

वर सांगितलेल्या दोन पूलमध्ये एक छिद्र आहे. मीडिया लायब्ररीतून चढवलेला फोटो डब्ल्यूपी-ॲडमिनच्या वाटेनं जातो, पण ब्लॉक एडिटरमधून चढवलेला डब्ल्यूपी-जेसनच्या वाटेनं, म्हणजे सार्वजनिक पूलमध्ये. ती वाटही ॲडमिन पूलकडे वळवा. आणि उलट बाजूनं, ॲडमिन-एजॅक्स नावाची फाइल डब्ल्यूपी-ॲडमिनच्या आत असली तरी काही थीम तिला सार्वजनिक पानावरून हाक मारतात. ॲक्सेस लॉगमध्ये तिच्या ओळी मोजून पाहा; दहाच्या सुमाराला शेकड्यांनी दिसल्या तर ॲडमिन पूल त्यातच बुडेल.

सगळ्यात स्वस्त उपाय फोनवरच आहे. फोटो स्वतःच्याच व्हॉट्सॲपवर साध्या दर्जात पाठवायचा आणि तिथून उतरवलेली प्रत साइटवर चढवायची. लांबी साधारण १६०० पिक्सेल होते, सर्व्हरला उघडायला ८ एमबीसुद्धा लागत नाहीत. कापसाचा धागा आणि कवडी त्यातही नीट दिसते.

वऱ्हाडी_टर्मिनल

मारियाडीबीचं राहिलं. ५०-सर्व्हर.सीएनएफमध्ये:

इनोडीबी_बफर_पूल_साइझ ६४एम. मूळ १२८ असतं. तुमच्या टेबलांचं एकूण वजन पाहा. छोट्या साइटचं बहुधा ६४ च्या आतच बसतं.
की_बफर_साइझ ८एम. ते मायआयसॅम टेबलांसाठी आहे, तुमची इनोडीबी असणार.
एरिया_पेजकॅश_बफर_साइझ ३२एम. हेही मूळ १२८.
मॅक्स_कनेक्शन्स २०. मूळ १५१. पीएचपीच सहा आहेत तर दीडशे कनेक्शन कुणासाठी?

नेटवरच्या 'मायएसक्यूएल फास्ट करा' छाप लेखांतून सॉर्ट_बफर, जॉइन_बफर वाढवायच्या ओळी उचलू नका. ते आकडे प्रत्येक कनेक्शनमागे लागतात.

मग सिस्टमडीचं (लिनक्सवरच्या सेवा चालवणाऱ्या व्यवस्थेचं) कुंपण. 'सिस्टमसीटीएल एडिट' करून मारियाडीबीला ओओएमस्कोरॲडजस्ट -६०० द्या, म्हणजे कर्नल आधी दुसरीकडे पाहील. पीएचपी-एफपीएमला मेमरीहाय ४००एम, मेमरीमॅक्स ४८०एम. इथं एक ओळ विसरली तर सगळं उलटं होतं: ओओएमपॉलिसी=कंटिन्यू. सिस्टमडीचं मूळ धोरण 'स्टॉप' आहे, म्हणजे एक पीएचपी प्रोसेस मेमरीपायी मारली गेली की तो अख्खी एफपीएम सेवाच थांबवतो. कंटिन्यू असलं तर मास्टर मेलेल्याच्या जागी नवी प्रोसेस काढतो, एका माणसाचं पान अडतं, बाकीच्यांचं चालू राहतं.

स्वॅप टाकू नका मात्र. स्वॅपवर गेलेलं मशीन मेलेल्यापेक्षा वाईट, एसएसएचसुद्धा (सर्व्हरवर दुरून लॉगइन) लागत नाही.

धुरा_बांध

स्वॅपबाबत असहमत. स्वॅप नसला म्हणजे घुसळण होत नाही असं नाही. मेमरी तंग झाली की कर्नल पान-कॅश सोडतो, आणि पीएचपी-मारियाडीबीचा स्वतःचा चालू कोडही त्या कॅशमध्येच असतो. तो सोडायचा, पुन्हा डिस्कवरून वाचायचा, परत सोडायचा. एसएसएच तेव्हाही लागत नाही. प्रश्नात 'पान फिरतच राहतं' लिहिलंय ते बहुधा हेच.

५१२ एमबीची स्वॅप फाइल करा: फॉलोकेट, परवानगी ६००, एमकेस्वॅप, स्वॅपऑन, आणि एफएसटॅबमध्ये ओळ. व्हीएम.स्वॅपीनेस १०. सुरुवातीला एकदाच वापरलेली आणि नंतर पडून असलेली मेमरीची पानं तिकडे जातील, शंभरेक एमबी मोकळे होतील. मर्यादा आधी लावलेल्या असतील तर स्वॅप फक्त उशी म्हणून राहतो. मर्यादा न लावता स्वॅप टाकला तर मात्र वर म्हटलंय तेच होईल, ते मान्य.

हे ऑफिसातल्या रास्पबेरी पायवर कुणी करणार असेल तर एसडी कार्डावर स्वॅप नको, झेडरॅम (रॅममध्येच दाबून ठेवलेला स्वॅप) घ्या.

वऱ्हाडी_टर्मिनल

कुंपण लावल्यावर ५१२ चालेल. 'व्हीएमस्टॅट १' मध्ये एसआय आणि एसओ हे दोन रकाने पाहत जा. अधूनमधून आकडा आला तर हरकत नाही. एसआय सलग दिसत राहिला तर प्रोसेस कमी करायची वेळ आली.

पांढरंसोनं

मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते अजून कुणी म्हटलं नाही. भावाचं पान दिवसातून एक-दोनदा बदलतं. चार पिकं, किमान-कमाल भाव, ओलाव्याचा रकाना, एवढंच. ते प्रत्येक माणसासाठी पीएचपीनं नव्यानं बनवायचं कारणच काय? पानाची एचटीएमएल प्रत डिस्कवर ठेवणारं कॅश प्लगइन लावा, मात्र असं की .एचटीॲक्सेसच्या नियमानं अपाचे ती फाइल थेट देईल. काही प्लगइन कॅशची फाइलसुद्धा पीएचपीमधून देतात, त्यानं सीपीयू वाचतो पण एफपीएमची जागा गुंततेच. थेट फाइल असली की हेच १ जीबीचं मशीन सेकंदाला शेकडो पानं देईल आणि पीएचपी रिकामं बसेल.

लावताना तीन गोष्टी. भाव सेव्ह केला की त्या पानाची प्रत आपोआप पुसली जाते ना हे तपासा, नाहीतर गावात कालचा भाव फिरेल आणि फोन तुम्हाला येतील. भाव जर साध्या पोस्टऐवजी प्लगइनच्या वेगळ्या टेबलमध्ये जात असतील तर कॅशला बदल कळतच नाही, तिथं सेव्हच्या हुकवर पुसायची ओळ लिहावी लागते. दुसरं, कॅशचं फोल्डर /डेव्ह/एसएचएममध्ये ठेवू नका. ती रॅमच आहे, आणि डिस्कवरची फाइल कर्नल तसाही मेमरीत धरून ठेवतो. तिसरं, लिंकमागे कुणी प्रश्नचिन्ह लावून काही जोडलं असेल तर बरीच प्लगइन ती वेगळी मागणी समजून कॅश टाळतात. ग्रुपवर साधी, स्वच्छ लिंकच टाकायला सांगा.

डब्ल्यूपी-क्रॉन (वर्डप्रेसची ठरल्या वेळची कामं चालवणारा) पण बंद करा. तो कुणीतरी पान उघडल्यावर जागा होतो, म्हणजे नेमका गर्दीत. डब्ल्यूपी-कॉन्फिगमध्ये डिसेबल_डब्ल्यूपी_क्रॉन ट्रू लिहा आणि सिस्टमच्या क्रॉनटॅबमधून दर १५ मिनिटांनी चालवा. एक्सएमएलआरपीसीची फाइल (बाहेरच्या ॲपना वर्डप्रेसशी बोलायची जुनी वाट) वापरत नसाल तर अपाचेतच अडवा. बॉट तिच्यावर रात्रंदिवस आदळत असतात आणि प्रत्येक आदळणं म्हणजे एक पूर्ण पीएचपी.

निर्गुडाकाठ

कॅशच्या प्लगइनपासून सुरुवात करतो, मग इव्हेंट आणि एफपीएम. उघडायच्या आधी गर्दीची चाचणी कशी घेऊ?

धुरा_बांध

अपाचे२-युटिल्स पॅकेजमधलं 'एबी'. पण ते दुसऱ्या मशीनवरून चालवा, सर्व्हरवरूनच चालवलं तर तो एकुलता कोअर एबीच खातो. एकूण ५००, एका वेळी २०, रात्री. दोनदा घ्या: एकदा भावाच्या पानावर, एकदा कॅश न होणाऱ्या पानावर, उदाहरणार्थ शोधाच्या निकालाच्या. पहिल्यात एफपीएमच्या प्रोसेस टॉपमध्ये हलायलाच नकोत. हलल्या तर कॅश पीएचपीमधून जातेय. दुसऱ्यात चारही भरतील, वेळ वाढेल, पण 'फ्री'मधला अव्हेलेबल १२० च्या खाली जाता कामा नये. गेला तर आधी ओपीकॅश ६४ वर आणलाय का ते पाहा. त्याचं मूळ १२८ असतं, आणि वरच्या हिशेबात आपण ६४ धरलंय.